एकशेवीस उश्या आणि एक दशांश वळसा

१ सप्टेंबर, सकाळी साडेसात

शाळेत चॅपलच्या मागे तीन पायऱ्या होत्या. मधल्या सुट्टीत डबा संपला की ताई आपला नीडलवर्कचा रुमाल माझ्या मांडीवर टाकायची आणि मी माझी भूमितीची वही तिच्या मांडीवर. ती माझ्याहून दोन वर्षं पुढे, पण हातात सुई धरली की रक्त काढायची. घंटा होईपर्यंत मी तिची टीप घालायचे आणि ती माझे त्रिकोण सोडवायची. कोणी काही बोलायचं नाही. सिस्टरना कधी कळलं नाही, किंवा कळून त्या गप्प बसल्या. मला भूमितीत दहापैकी दहा मिळत. त्यावरून मला भूमिती येते असं माझं मत झालं आणि ते बदलावं असं आजवर काही घडलेलं नाही.

हे सगळं आठवायचं कारण काल भाच्याचा फोन आला. तीस तारखेला येतो, म्हणाला. आईची तब्येत बघतो आणि वृद्धांच्या त्या होमचं काय ते ठरवतो, तिथे पहिल्या तारखेला एक खोली रिकामी होतेय. मी म्हटलं, काही गरज नाही, ताई ठणठणीत आहे. तो म्हणाला, मावशी, परवा आईने मला फोनवर विचारलं, आपण कोण. मी म्हटलं, लाइन खराब असेल. तो म्हणाला, मला तिचं स्वच्छ ऐकू येत होतं. मी म्हटलं, मग तुझ्याकडची बाजू चांगली असेल.

माझी योजना तयार आहे. ताई कॉलेजात चौतीस वर्षं गणित शिकवताना दरवर्षी शेवटच्या तासाला तेच एक लेक्चर द्यायची, बंद अवकाशाचं. मुलं दाराबाहेर उभी राहून ऐकायची. तीस तारखेला भाच्याला समोरच्या खुर्चीत बसवायचं आणि ताईने ते लेक्चर द्यायचं. मग होमचं नाव काढायची त्याची काय बिशाद.

लेक्चरचं साहित्य मात्र हवं. ताईच्या निळ्या वहीत शेवटच्या पानाच्या समासात लिहिलंय : बारा पंचकोनी बाजूंचे ठोकळे, एकशेवीस लागतात. कापडाच्या उश्या करून बघाव्यात. धाकटीला सांगणे.

धाकटी म्हणजे मी. सांगायचं राहिलं असणार. वीस वर्षं झाली.

एकशेवीस उश्या, तीस दिवस. रोज चार. मी तीस वर्षं शाळेत शिवण शिकवलंय. चार म्हणजे काय!

२ सप्टेंबर

पंचकोनाचा साचा करायला घेतला. भाच्याच्या जुन्या कंपासपेटीतला कर्कटक ढिला. पाचवी बाजू पहिलीला येऊन मिळत नाही. पुठ्ठाच खराब. अर्धा दिवस गेला.

शेवटी ताईला विचारलं. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वर्तमानपत्राची कड फाडली, त्या पट्टीची एक साधी गाठ मारली आणि बोटाने हळूच दाबून सपाट केली. अगदी नेमका पंचकोन. पाचही बाजू सारख्या.

मग तिने विचारलं, तुम्ही कोणाची वाट बघताय का?

हात शाबूत आहेत. बाकीचं येईलच.

४ सप्टेंबर

उशी क्रमांक १ तयार. फक्त एक, पण पहिलीला वेळ लागतोच. आता साचा आहे, हात बसलाय.

वहीत लिहिलंय की समोरासमोरच्या बाजू एकमेकींना जोडायच्या. म्हणून मी प्रत्येक बाजूच्या पाच कोपऱ्यांवर टिचबटणं लावली. उशी मधे दाबून समोरासमोरच्या बाजू भिडवून बघते तर बटणं बटणांवर येत नाहीत. वरच्या पंचकोनाचं टोक उत्तरेला तर खालच्याचं दक्षिणेला. शिवताना एक बाजू फिरली असणार. तीस वर्षांत माझ्याकडून अशी चूक झालेली नाही. उसवली.

७ सप्टेंबर

पुन्हा शिवली. पुन्हा तेच. पुन्हा उसवली.

एकूण तयार : दोन. दुसरीत पण तीच चूक आहे, पण ती नंतर बघू.

उद्यापासून रोज पाच. सकाळी सहाला उठायचं. ताई साडेपाचलाच उठते, कपाटातले सगळे कपडे पलंगावर काढते आणि विचारते, आपण कधी निघायचं? मी ते पुन्हा घडी करून ठेवते. त्यात साडेनऊ होतात. तरी पाच होतील.

९ सप्टेंबर, दुपारी

आज मशीन बंद, अभ्यास. शिवणारीला आपण काय शिवतोय ते कळायला हवं, असं सिस्टर म्हणत.

वही म्हणते : हा ठोकळा उचलून पुन्हा त्याच जागी असा ठेवा की बघणाऱ्याला काही हललंय असं वाटू नये. असं करण्याच्या एकूण साठ रीती आहेत. मी उशी टेबलावर ठेवून मोजायला बसले. सदतिसाव्या वेळी ताईने विचारलं, आपण कधी निघायचं? परत पहिल्यापासून. एकेचाळीसला तेच. तिसऱ्यांदा मी ठरवलं की साठ असतीलच, ताईवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

पुढे लिहिलंय, या साठ रीती प्रत्येकी दोनदा मोजायच्या, मग एकशेवीस होतात. फीत लावलेली वस्तू एक पूर्ण वळसा फिरवली तर फितीला पीळ राहतो, दोन वळसे फिरवली तर पीळ सोडवता येतो, म्हणून. हे मला समजलं. फक्त शब्दांत सांगता येत नाही. पण शब्दांत सांगता आलं नाही म्हणजे समजलेलं नाही असं थोडंच आहे. ताईचंही सध्या तेच चाललंय. भाच्याला हे पटवून द्यायला हवं.

११ सप्टेंबर

चार झाल्या. तीन उश्या एका कडेभोवती एकमेकींना चिकटवून ठेवल्या. मधे फट. चांगली बोटभर. पुन्हा माझंच चुकलं की काय म्हणून मी चष्मा लावून टिपा तपासत होते. ताई आली, शेजारी बसली, फटीत बोट घातलं. बराच वेळ बोट तसंच.

मग म्हणाली, भर.

मी म्हटलं, काय?

अजून भर, म्हणाली. कापूस. तू नेहमी हात आखडता घेतेस.

मी भरला. अगदी फुगून टम्म होईपर्यंत. बाजूंना पोट आलं आणि फट मिटली! मी वही उघडली तर तेच लिहिलेलं : सपाट जगात तीन ठोकळ्यांत फट राहते. जगच जरा फुगीर असेल तर मिटते.

ताई मला 'तू' म्हणाली. 'तुम्ही' नाही.

कापूस डोळ्यात गेला. आज एवढंच.

१४ सप्टेंबर, संध्याकाळी सहा

आज विलक्षण गोष्ट घडली. मी बॉबिन भरत होते. ताई समोरच्या दारातून बाहेर पडली असणार, मला कळलं नाही. पाऊण तासाने मागचं दार वाजलं. मागच्या गल्लीतल्या घड्याळदुरुस्तीवाल्याने तिला हाताला धरून आणलं होतं. तो म्हणाला, तुमच्या ताई दुकानात येऊन बसल्या आणि म्हणाल्या, तुमची सगळी घड्याळं चुकीची आहेत. मी त्याला म्हटलं, बरोबरच आहे तिचं, दुरुस्तीलाच तर आली आहेत. तो म्हणाला, तेच मी पण म्हटलं, तर त्या म्हणाल्या, मग दुकान कशाला उघडलंय?

ताई आत आली ती जरा डावीकडे कलून. एक चप्पल कुठेतरी राहिली होती.

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वहीत हेच आहे! या अवकाशात समोरच्या बाजूतून बाहेर गेलं की त्याच क्षणी मागच्या बाजूतून आपण आत येतो, फक्त एक दशांश वळसा घेऊन. ताई मला प्रात्यक्षिक करून दाखवत होती!

घड्याळवाल्याला म्हटलं, हे माझ्या भाच्याला सांगू नका. तो म्हणाला, मी तुमच्या भाच्याला ओळखतच नाही. मी म्हटलं, मग सोपं आहे.

एकूण : सहा. रोज पाचचा नियम आठवड्याच्या सरासरीने धरायचा.

१८ सप्टेंबर

उजवं मनगट सुजलंय. थोडंसं. कात्री धरता येत नाही इतकंच.

दुपारी मशीनवर डोकं टेकलं ते पाच मिनिटांसाठी. उठले तर घरभर धूर आणि दुधाचं पातेलं काळं ठिक्कर. ताई नाही. मागच्या दाराशी जाऊन थांबले, कारण समोरून गेली तर मागूनच येणार. आली नाही. मग धावत सुटले.

सकाळी आंघोळ घालायला येणाऱ्या नर्सबाईंना ती बसस्टॉपवर सापडली. मांडीवर उशी क्रमांक ४. रांगेतल्या लोकांना ती घेऊन बघा म्हणत होती आणि लोक बिचारे आळीपाळीने घेऊन बघत होते. नर्सबाई मला म्हणाल्या, काकू, तीन तास त्या उन्हात होत्या. मी म्हटलं, दोन तास चाळीस मिनिटं. त्या म्हणाल्या, तुम्ही स्वतःचा हात बघितलाय का? मी म्हटलं, थोडा कामाचा ताण आहे. त्या म्हणाल्या, काकू, एक दिवस तुम्हालाच उचलायला लागेल, तेव्हा मी एकटी काय काय उचलू?

बाई चांगल्या आहेत पण त्यांना गणितात गती नाही.

पातेलं माळ्यावर टाकलं. समोरच्या दाराला वरून कडी लावायची. मागच्याला नको, त्यातून ती आत येते.

२१ सप्टेंबर, सकाळी दहा

हे सविस्तर लिहून ठेवते. पुरावा म्हणून.

मी क्रमांक १ सातव्यांदा उसवत होते. बटणं काही केल्या समोरासमोर येत नव्हती. ताई चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, धाकटे, उसवू नकोस.

धाकटे! मी हललेसुद्धा नाही.

तिने उशी माझ्या हातातून घेतली. म्हणाली, तुझं काही चुकलेलं नाही. हा ठोकळा जन्मतःच असा असतो. समोरच्या दोन बाजू कधीच सारख्या बसत नाहीत, एक दशांश वळसा द्यावाच लागतो. असा. आणि तिने वरची बाजू जराशी फिरवून खालचीवर टेकवली. पाचही बटणं टिच टिच टिच करून बसली. मग बघ, म्हणाली, आता ही जोडली. अशा सहाही जोड्या जोडल्यास की झालं अवकाश. कुठे कड नाही, कुठे भिंत नाही, आणि तरी मोजकंच. मी म्हटलं, ताई, एक जोडी लावली की उशीची चकली होते, बाकीच्या पाच लागणार कशा? ती हसली. म्हणाली, आपल्या घरात नाही लागणार. त्यासाठी बाहेर जागाच नाही. ते आतूनच बघायचं असतं.

मी विचारलं, आणि एकशेवीस?

ती म्हणाली, एकशेवीस कुठल्या? उशी एकच. आत उभी राहून बघशील तर दार उघडलं की पलीकडे तीच खोली, तिच्या दाराच्या पलीकडे परत तीच. एकशेवीसदा दिसते. खोली एकच असते.

मग मी अकरा का शिवल्या, असं माझ्या तोंडून निघून गेलं.

ती म्हणाली, खरंच की. तुला कोणी सांगितलं?

मी निळ्या वहीतलं शेवटचं पान तिच्यापुढे धरलं. तिने ते दोनदा वाचलं. म्हणाली, अक्षर सुरेख आहे. कोणाचं?

मी लगेच भाच्याला फोन लावला. तो मीटिंगमध्ये. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता ऐक, आणि फोन ताईच्या कानाला लावला. ताई अतिशय सभ्यपणे म्हणाली, राँग नंबर, आणि ठेवून दिला.

तरी पण. संपूर्ण लेक्चर झालं. एकही चूक नाही. साक्षीदार मी.

२४ सप्टेंबर

एकूण बारा. तेरावीची तयारी. योजनेत छोटासा बदल : एकशेवीसऐवजी तेरा. एक मधे आणि तिच्या बारा बाजूंना बारा. खरं तर एकच पुरते, पण भाच्याचं गणित कच्चं आहे, त्याला भरपूर काहीतरी दिसायला हवं.

मनगटाला पट्टा बांधलाय. तो दिसू नये म्हणून लांब बाह्यांचा ब्लाउज शोधला.

२८ सप्टेंबर

रंगीत तालीम. ताईला तिची कॉलेजची करड्या रंगाची साडी नेसवली, खांद्याला पिन लावली, हातात खडू दिला. फळा नाही म्हणून कपाटाचं दार. ती उभी राहिली आणि अगदी तीच झाली. मान तशीच, खडू तसाच दोन बोटांत. म्हणाली, समोरच्या दारातून बाहेर गेलं की मागच्या दारातून आत. समजलं का?

मी म्हटलं, समजलं.

ती म्हणाली, समोरच्या दारातून बाहेर गेलं की मागच्या दारातून आत. समजलं का?

सुरुवात जोरदार आहे. बाकीचं आयत्या वेळी सुचेल. मोठ्या वक्त्यांचं असंच असतं.

२९ सप्टेंबर

तेरावी उशी अकरा बाजूंपर्यंत आली. बारावी हाताने शिवायला घेतली, सुई धरवेना. उद्या सकाळी करू. सहाला उठायचं.

३० सप्टेंबर, रात्री आठ

उठायला साडेआठ झाले. ताई आधीच कपडे काढून, बॅगेत भरून तयार. आपण कधी निघायचं?

भाचा अकराला आला. ताईने त्याला नमस्कार केला, बसा म्हणाली. तो बसला. बारा उश्या मांडल्या होत्या. मधे क्रमांक १. तेरावी मी पाठीमागे लपवली.

ताई उभी राहिली. खडू घेतला. समोरच्या दारातून बाहेर गेलं की मागच्या दारातून आत, म्हणाली. समजलं का?

भाचा म्हणाला, समजलं, आई.

मग पुन्हा. मग पुन्हा. प्रत्येक वेळी नव्याने, तितक्याच उत्साहाने, प्रत्येक वेळी त्याच्या डोळ्यांत बघून. वाक्यात एकही चूक नव्हती. हे मी त्याला मुद्दाम सांगितलं. तो म्हणाला, हो मावशी, चूक नाहीये. आणि रुमाल काढून नाक शिंकरलं. मग उठून दारापाशी जाऊन उभा राहिला. ताई त्याच्या पाठीलासुद्धा शिकवत राहिली.

मी शेवटचा प्रयत्न म्हणून विचारलं, ताई, मी कोण?

ताईने मला नीट निरखलं. मग जवळ येऊन, भाच्याला ऐकू जाऊ नये अशा बेताने, माझ्या कानाशी म्हणाली, ही माझं शिवण करून देते आणि मी हिची भूमिती. सिस्टरना सांगू नका हं.

मी भाच्याला म्हटलं, बघ, ओळखलं! त्याने माझी बाही वर सरकवली. पट्टा बघितला. मग म्हणाला, मावशी, माळ्यावरून जळका वास येतोय. मी म्हटलं, जुनं घर आहे. तो म्हणाला, तू किती दिवस झोपली नाहीस? मी म्हटलं, मी नाही, मशीन थकलंय. तो म्हणाला, मला फोन का केला नाहीस गं? मी म्हटलं, केला होता, तू मीटिंगमध्ये होतास. ते मी बोलायला नको होतं. त्याने कपाळाला हात लावला आणि तो काढलाच नाही.

उद्या दहाला गाडी येईल. होमच्या कागदावर लिहिलंय, एक बॅग, एक छोटी उशी.

एकच. पुरते, असं ताईच म्हणाली होती.

१ ऑक्टोबर, सकाळी साडेअकरा

समोरच्या दारातून गेली. पायरीवर थांबून माझ्याकडे वळून म्हणाली, तुम्ही येताय ना? मी म्हटलं, तू हो पुढे. भाच्याने तिचा हात धरला. तिने दुसऱ्या हाताने उशी पोटाशी धरली होती. घड्याळवाला गल्लीच्या तोंडाशी उभा होता, त्याला ती म्हणाली, आज तुमचं बरोबर आहे.

तासभर मागच्या दाराशी बसले होते. उगीच नव्हे, ऊन चांगलं येतं तिथे.

आता वाटणी लिहून ठेवते, म्हणजे नंतर घोळ नको.

क्रमांक ४, बसस्टॉपवर जाऊन आलेली : ताईला. गेली तिच्याबरोबर. सहाही जोड्यांची बटणं एकेक करून तपासून दिली आहेत, एक दशांश वळसा देऊन नीट बसतात. होममध्ये कोणी ती धुवायला टाकली तर कापूस काढून धुवावी आणि पुन्हा टम्म भरावी. हात आखडू नये.

घड्याळवाल्याला दोन. त्याच्या दुकानातलं बसायचं स्टूल फार टणक आहे, ताईच म्हणाली होती.

नर्सबाईंना एक, कमरेमागे घ्यायला. आणि त्या म्हणाल्या ते बरोबर होतं, असा निरोप.

कॉलेजला सात. घेत नसतील तर परत आणू नयेत, जिना चढून दमलेला जो कोणी दिसेल त्याला द्याव्यात.

निळी वही पण कॉलेजला. तिचं शेवटचं पान मी कापून घेतलंय. ते माझ्यासाठी होतं, पोचायला उशीर झाला इतकंच.

क्रमांक १ भाच्याला. सात वेळा उसवलेली आहे, कापड विरलंय, सांभाळून धरावी. तीत काही चूक नव्हती हे त्याला सांगणे. त्याचीही नव्हती.

तेरावी माझ्याकडे. तिची बारावी बाजू शिवायची नाही.

मागच्या दाराला कडी लावायची नाही.